दिवसाचे सरासरी तापमान: आधी दिवस ठरवा, मग सरासरी काढा

बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी तालुक्यात, तेलसंगजवळच्या द्राक्षबागेत बसवलेल्या स्वयंचलित हवामान केंद्राबद्दल तुम्ही विचारले आहे. केंद्र दर १५ मिनिटांनी तापमान नोंदवते. १० जानेवारीची सरासरी मोबाईलवरचे अ‍ॅप २०.९ अंश दाखवते. त्याच अ‍ॅपमधले कमाल ३०.० आणि किमान ११.२ घेऊन निम्मे केले तर २०.६ येते. शेजारचे बागायतदार सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाचच्या आकड्यांची बेरीज निम्मी करून २२.४ सांगतात. यातले खरे कोणते, हा तुमचा प्रश्न. शिवाय ११ तारखेचे किमानही ११.० म्हणजे जवळजवळ तेवढेच दिसते हे तुम्हाला खटकले आहे, आणि डिसेंबरातल्या तीन रात्रींच्या नोंदीच गायब आहेत.

खटकले ते बरोबरच खटकले. या तीन आकड्यांत दोन वेगळे घोळ एकमेकांत अडकले आहेत. एक, दिवस कुठून कुठपर्यंत धरायचा. दुसरा, त्या दिवसातली कोणती रीडिंग घेऊन सरासरी काढायची. बहुतेक जण दुसऱ्यावरच वाद घालत बसतात. पहिला सुटल्याशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही.

तुमचे अ‍ॅप दिवस आपल्या मध्यरात्रीपासून मोजत नाही, असे आकड्यांवरून दिसते. बरीच केंद्रे ग्रिनिचच्या वेळेने चालतात. ग्रिनिचची मध्यरात्र म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच, म्हणजे अ‍ॅपचा १० तारखेचा दिवस १० च्या पहाटे साडेपाचला सुरू होऊन ११ च्या पहाटे साडेपाचला संपतो. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि पारा सर्वांत खाली असतो तो साडेसहा-सातला. साडेपाचला तो तळाच्या अगदी जवळ पोचलेला असतो. त्यामुळे अ‍ॅपच्या एका दिवसात दोन पहाटा येतात: १० ची पूर्ण आणि ११ ची जवळजवळ पूर्ण. ११ ची पहाट जास्त गार होती, म्हणून तिचा साडेपाचचा ११.२ हा आकडा १० तारखेच्या नावावर चढला, आणि तासाभरानंतरचा ११.० हा ११ तारखेच्या नावावर. एकच थंडी दोनदा मोजली गेली.

हे ताडून पाहण्यासाठी अ‍ॅप बाजूला ठेवा आणि मूळ फाईल उतरवून घ्या. चार-पाच निरभ्र दिवसांत कमाल तापमान किती वाजता आले ते पाहा. आपल्या पट्ट्यात ते दुपारी अडीच ते साडेतीनच्या दरम्यान यायला हवे, कारण बेळगाव-अथणीकडे सूर्य माथ्यावर येतो तोच घड्याळात साडेबाराच्या आसपास. फाईलमध्ये कमाल सकाळी नऊ-साडेनऊला दिसले तर वेळ ग्रिनिचची आहे. प्रत्येक नोंदीच्या वेळेत साडेपाच तास मिळवा आणि मग तारखा लावा.

दुसरी खूणही तुमच्याच आकड्यांत आहे. थंडीतल्या निरभ्र दिवशी कमाल-किमानाची सरासरी ही २४ तासांच्या खऱ्या सरासरीपेक्षा सहसा थोडी जास्त येते. तुमच्याकडे ती कमी आली, २०.९ च्या खाली २०.६. असे उलटे दिसले की आधी किमानावर संशय घ्यायचा.

महिन्याच्या हिशेबात हा घोळ एकसारखा पसरत नाही, हेही लक्षात घ्या. चोवीस तासांची सरासरी साडेपाच तास पुढे सरकली तरी महिनाभरात फरक जवळजवळ मिटतो. इकडचे तास तिकडे गेलेले असतात एवढेच. किमान मात्र दोन पहाटांतली जी गार असेल तीच उचलते. म्हणजे चूक नेहमी खालच्याच बाजूला होते आणि साठत जाते.

भारतीय हवामान विभागाची पाऊस आणि तापमानाची शिस्त सकाळी साडेआठची आहे, कारण ग्रिनिचला तेव्हा तीन वाजलेले असतात आणि जगभरच्या वेधांची ती एक ठरलेली वेळ आहे. साडेआठला वाचलेले किमान त्याच सकाळचे, त्याच तारखेचे. पण साडेआठला वाचलेले गेल्या २४ तासांचे कमाल हे काल दुपारचे असते, म्हणून ते कालच्या तारखेत लिहायचे. वहीत दोन्ही एकाच ओळीत लिहून निम्मे केले तर आजची पहाट आणि कालची दुपार यांचे लग्न लागते. वळिवाच्या दिवसांत, एक दुपार ३७ ची आणि दुसरी ३० ची असताना, एवढ्यानेच सरासरी तीन-साडेतीन अंशांनी चुकू शकते.

आता तुमच्या १० तारखेचे आकडे भारतीय वेळेने मांडू. तुम्ही दिलेल्या यादीतून मी दर तासाचे एक घेतले आहे. मध्यरात्रीपासून सकाळी सातपर्यंत: १७.५, १६.८, १६.१, १५.५, १४.९, १४.४, १४.०, १४.१. आठ ते दुपारी तीन: १६.३, १९.५, २२.६, २५.२, २७.३, २८.८, २९.७, ३०.०. चार ते रात्री अकरा: २९.४, २७.९, २५.६, २३.६, २२.०, २०.७, १९.६, १८.६. बेरीज ५१०.१, भागिले २४, म्हणजे २१.३.

त्या दिवसाचे खरे किमान १४.०. कमाल-किमानाची सरासरी (३०.० + १४.०) ÷ २ = २२.०. चोवीस तासांच्या सरासरीपेक्षा ०.७ जास्त. कारण आकड्यांच्या ओळीतच दिसते. पारा सात ते तीन या आठ तासांत १६ अंश चढला, आणि तेवढाच उतरायला त्याला तीनपासून दुसऱ्या पहाटेपर्यंत वेळ मिळतो. उतरतानाही आधी भरभर उतरतो आणि रात्री रेंगाळतो. वीस अंशांच्या खाली तो १२ तास होता, २५ च्या वर फक्त ८. दोन टोकांच्या मधला आकडा हे रेंगाळणे पाहतच नाही.

शेजाऱ्यांची साडेआठ-साडेपाचची पद्धत: १७.९ आणि २६.८, सरासरी २२.४. हिशेब चुकलेला नाही. पण दोन्ही वेळा दिवसातल्या, रात्रीचा गारवा कुठेच नाही. थंडीत ती जास्तच दाखवणार. ती सोडून द्या असे मी म्हणेन.

दर तीन तासांची आठ रीडिंग, म्हणजे अडीच, साडेपाच, साडेआठ, साडेअकरा असे दिवसरात्र, घेतली तर १७०.४ ÷ ८ = २१.३. चोवीस नोंदींएवढेच अचूक उत्तर आठ नोंदींत. आणि हाताने वही ठेवणाऱ्यांसाठी आणखी एक जुनी युक्ती आहे, जी जर्मनीच्या हवामान खात्याने २००१ पर्यंत वापरली: सकाळी ७, दुपारी २ आणि रात्री ९ ची रीडिंग, त्यात रात्रीचे दुप्पट, आणि चारने भागायचे. तुमच्या दिवसाला लावून पाहा: १४.१ + २९.७ + २०.७ + २०.७ = ८५.२, भागिले ४ = २१.३. रात्री नऊचे रीडिंग दुप्पट धरण्याने न वाचलेल्या रात्रीची भरपाई होते. रोज तीन वेळा तापमापकाकडे जाण्याची तयारी असेल तर वर्गातल्या मुलांना शिकवण्यासाठीही ही पद्धत उत्तम.

मग वापरायचे कोणते? हे कशासाठी हवे आहे यावर अवलंबून आहे, आणि इथे मी ठाम आहे: ज्या कोष्टकाशी किंवा सूत्राशी तुमचा आकडा जुळवायचा, ते ज्या पद्धतीवर बांधले असेल तीच पद्धत घ्यायची, मग दुसरी कितीही अचूक असो.

गोडी छाटणीपासून, म्हणजे फळासाठी केलेल्या छाटणीपासून, उष्णतेचे एकक मोजत असाल, म्हणजे रोजच्या सरासरीतून द्राक्षाचा पायाभूत १० अंश वजा करून बेरीज करत असाल, तर कमाल-किमान घ्या. अशी बहुतेक कोष्टके त्याच सरासरीवर तयार झाली आहेत. इथे ०.७ चा फरक क्षुल्लक नाही. शंभर निरभ्र दिवस रोज ०.७ कमी धरले तर ७० एकके मागे पडतात, आणि दिवसाला १२ एकके जमत असतील तर तुमचा अंदाज सहा दिवसांनी चुकतो. पाण्याच्या गरजेसाठी बाष्पोत्सर्जन, म्हणजे जमीन आणि पाने मिळून हवेत सोडतात ते पाणी, काढणार असाल तरीही कमाल-किमानच. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या १९९८ च्या पद्धतीत सर्वत्र एकसारखेपणा राहावा म्हणून दिवसाचे सरासरी तापमान मुद्दाम कमाल-किमानाची सरासरी असेच ठरवले आहे. तिथे एक बारकावा आहे: हवेचा संपृक्त बाष्पदाब (हवेत जास्तीत जास्त मावू शकणाऱ्या वाफेचा दाब) सरासरी तापमानावरून काढायचा नाही. कमालासाठी वेगळा, किमानासाठी वेगळा काढून मग त्यांची सरासरी घ्यायची, नाहीतर उत्तर कमी येते. वेधशाळेच्या जुन्या नोंदींशी तुलना करायची असेल तरी कमाल-किमान. बेदाणा शेड किंवा साठवणुकीच्या खोलीत माल प्रत्यक्षात किती उष्णतेत राहिला हे हवे असेल, तर मात्र सगळ्या ९६ रीडिंगची सरासरी.

कमाल-किमानासाठी शेजारी यू आकाराचा तापमापक वापरत असतील तर तो कधी रीसेट करतात ते विचारा. संध्याकाळी साडेपाचला रीसेट केला, पारा तेव्हा ३४ वर होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून आभाळ भरून दुपारी २९ च्या वर गेलाच नाही, तरी दुसऱ्या संध्याकाळी सुई ३४ च दाखवणार. ते ३४ कालच्या संध्याकाळचे उरलेले आहेत. सकाळी सातला रीसेट केला तर हेच किमानाच्या बाबतीत घडते, गार पहाट दोन दिवस चालते. सकाळी साडेआठ-नऊ ही त्यातल्या त्यात बरी वेळ: पारा किमानापासून वर निघालेला असतो आणि कमालापासून लांब असतो.

आता फाईलची साफसफाई. सरासरीचे बटण दाबण्याआधी दिवसाच्या नोंदी मोजा. ९६ भरल्या पाहिजेत. शंभरच्या वर दिसल्या तर नेटवर्क गेले-आले तेव्हा केंद्राने साठलेली रीडिंग दोनदा पाठवली आहेत, एकाच वेळेच्या दोन ओळी असतील त्यातली एक काढा. कमी असतील तर कोणत्या वेळेच्या नाहीत ते पाहा. मध्यरात्री ००:०० ची ओळ मागच्या १५ मिनिटांची सरासरी असेल तर ती आदल्या दिवसाची. एक्सेलमध्ये वेळेतून १५ मिनिटे वजा करून तारीख काढली की आपोआप जागेवर बसते.

मग अशक्य आकडे. स्वस्त केंद्रांत डीएस१८बी२० हा सेन्सर फार दिसतो. वीज जाऊन परत आली की तो पहिले रीडिंग नेमके ८५.० देऊ शकतो, आणि वायर सुटली की त्याच्याबरोबर वापरले जाणारे नेहमीचे सॉफ्टवेअर उणे १२७ नोंदवते. सरासरी २१ असलेल्या दिवशी ९६ मध्ये एकच ८५ घुसला तर सरासरी ०.७ ने वर जाते. एकच उणे १२७ घुसला तर दीड अंशाने खाली येते. दोन्ही वेळा अंतिम आकडा अगदी शहाण्यासारखा दिसतो, म्हणूनच तो सापडत नाही. गायब रीडिंगच्या जागी ० लिहिण्याची सवयही तशीच घातक: एक्सेल रिकामा चौकोन सोडून देते, शून्य मात्र मोजते. रिकामे ते रिकामेच ठेवा. आणि १५ मिनिटांत पाचपेक्षा जास्त अंशांची उडी दिसली तर हाताने तपासा. एप्रिल-मेमध्ये वळीव आला की ती खरी असू शकते. त्याच वेळी पर्जन्यमापकात नोंद आहे का ते पाहून ठरवा.

द्राक्षबागेत चुकीच्या आकड्यांचे आणखी एक कारण असते. ब्लोअरने फवारणी करताना तुषार सेन्सरच्या पांढऱ्या आवरणात शिरतात. ओला सेन्सर पाणी उडून जाईपर्यंत दोन-तीन अंश गार दाखवतो, सोबत आर्द्रता एकदम चढते. फवारणीच्या वहीशी वेळ जुळली तर तेवढी रीडिंग काढून टाका. बोर्डो मिश्रणाचे निळसर डाग आणि उसाचा पाला जाळल्याची काजळी आवरणावर बसली की उलटे होते, ते ऊन शोषते आणि दुपारचे कमाल फुगते. पंधरवड्याला एकदा ओल्या फडक्याने ते पुसा, चकत्यांच्या फटीत कुंभारमाशीने मातीचे घर केले आहे का तेही पाहा. सेन्सर जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, पत्र्याच्या शेडपासून तिच्या उंचीच्या निदान चौपट लांब हवा. वेलींच्या मांडवाखाली असेल तर भुरी-केवडा या रोगांच्या अंदाजासाठी तो चांगला, पण त्याचा आकडा वेधशाळेच्या आकड्याशी लावू नका. तिथली दुपार गार आणि दमट असते.

डिसेंबरच्या त्या तीन रात्रींचे काय? बहुधा सोलरची बॅटरी रात्र काढत नव्हती. सकाळी सात ते संध्याकाळी सहा एवढीच रीडिंग उरली, तर अ‍ॅप त्यांचीही बिनदिक्कत सरासरी काढते. तुमच्या १० तारखेवर करून पाहिले: त्या बारा तासांची सरासरी २४.७. खरी २१.३. निम्मी माहिती हातात असून साडेतीन अंशांची चूक, कारण गेले ते तास सगळे गार होते. म्हणून किती टक्के रीडिंग आहेत यापेक्षा कोणती आहेत हे बघायचे. तासाभराची फट असेल तर दोन्ही बाजूंच्या आकड्यांमध्ये सरळ रेषेने भरा, पण पहाटे साडेपाच ते साडेसात आणि दुपारी दोन ते चार या वेळेत असे भरू नका, टोके तिथेच असतात. या दोन्ही वेळा शाबूत असतील तर कमाल-किमानाने त्या दिवसाचे काम भागते. शाबूत नसतील तर दिवस रिकामा.

तुमचा दिवस रिकामा ठेवणे परवडत नसेल, कारण एककांची बेरीज मध्ये तुटते, तर एक मार्ग आहे. कर्नाटक राज्याच्या नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्राची हवामान केंद्रे होबळी (तालुक्याचा एक महसुली भाग) पातळीवर आहेत. त्या तीन रात्रींच्या आधीचे आणि नंतरचे पंधरा-पंधरा दिवस घ्या, तुमच्या आणि होबळीच्या किमानातला फरक रोज लिहा. तो अर्ध्या अंशाच्या आत स्थिर असेल तर होबळीच्या आकड्यात तो फरक मिळवून तुमचे किमान भरा आणि पुढे ‘अंदाजित’ असे लिहा. निरभ्र आणि ढगाळ रात्रींचा फरक वेगवेगळा काढा, कारण ओढ्याकाठच्या खोलगट बागेत निरभ्र रात्री गार हवा साचते आणि ढगाळ रात्री साचत नाही. फरक रोज उड्या मारत असेल तर ते केंद्र तुमच्या उपयोगाचे नाही. बेळगाव शहराचा आकडा तर अथणीसाठी घेऊच नका. शहर साडेसातशे मीटरच्या वर आहे आणि पश्चिमेचा ओला वारा त्याला आधी मिळतो.

हाच प्रश्न जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या, घाटाजवळच्या खानापूरकडच्या कोणी विचारला असता तर उत्तर खूप छोटे झाले असते. जांबोटी-कणकुंबीकडे जुलैत दिवसरात्रीत पारा जेमतेम तीन-चार अंश हलतो, कोणत्याही पद्धतीने काढा, फरक एक-दोन दशांशांचा. पूर्वेकडे कोरड्या हवेत दिवसाला १५-१६ अंशांचा झोका असतो, म्हणून तुम्हाला पद्धत जपावी लागते.

महिन्याची सरासरी ही रोजच्या सरासरींची सरासरी. दशांश मध्येच छाटू नका, शेवटी एकदाच एका दशांशावर आणा. जागतिक हवामान संघटनेच्या सध्याच्या नियमाने महिन्यात ११ किंवा जास्त दिवस गेले असतील, किंवा सलग ५ दिवस गेले असतील, तर महिन्याची सरासरी काढायचीच नाही. तुमचे तीनच आहेत, तेव्हा डिसेंबर वाचला.

आता फाईलच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवा: वेळ भारतीय, दिवस मध्यरात्र ते मध्यरात्र, सरासरी कमाल-किमानाची, सेन्सर इतक्या उंचीवर. मग छाटणीच्या तारखेपासूनचे प्रत्येक किमान मूळ रीडिंगमधून पुन्हा काढा, अ‍ॅपमधले घेऊ नका. १० जानेवारीला तुमच्या वहीत १०.६ एकके लागली आहेत, तिथे १२.० हवीत. ज्या ज्या दिवसानंतरची पहाट जास्त गार होती, तिथे तिथे अशीच दुरुस्ती निघेल.